डाव्या हातावरचा देव

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची जाहिरात वाचत गेलं की उंची, छाती आणि नजर यांच्या आकड्यांसोबत गोंदणाचा परिच्छेद लागतो. त्यात तीन अटी असतात. पहिली आशयाची: आपला देश धर्मनिरपेक्ष आहे, देशवासीयांच्या धार्मिक भावनांचा मान राखायला हवा, म्हणून धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव गोंदलेलं चालेल. दुसरी जागेची: कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू, तीही फक्त डाव्या हाताची, किंवा पंजाची मागची बाजू. तिसरी आकाराची: गोंदण त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवं. डावाच हात का, याचं कारणही तिथंच दिलेलं असतं: तो सलामीचा हात नाही. नियम करणाऱ्यांनी श्रद्धेला जागा दिली खरी, पण कुठल्या हातावर दिली हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. प्रसादासाठी डावा हात पुढे केला तर आपल्याकडे लहान मुलालाही दटावतात. तीर्थ, अंगारा, देवापुढचं फूल, सगळं उजव्या हाताचं काम. ज्याला देव हातावर वागवायचा आहे तो गोंदणाऱ्यापुढे उजवा हात धरेल, हेच स्वाभाविक. सोलापूरच्या एका तरुणाच्या उजव्या हातावर असंच धार्मिक गोंदण होतं. त्यापायी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीत तो वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१७ साली न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. त्याच सुमारास दिल्ली उच्च न्यायालयानं दुसऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात हवाई दलाची बाजू उचलून धरली, कारण त्याच्या हाताच्या बाहेरच्या बाजूचा टॅटू सवलतीच्या चौकटीत बसत नव्हता. दोन्ही खटले शाईचेच. पण त्यांच्या तळाशी जो प्रश्न आहे तो धर्मविचाराचा आहे: माणसाच्या अंगावरची खूण त्याच्याविषयी नेमकी कशाची साक्ष देते? आणि त्या खुणेच्या पाठीशी देव उभा असला म्हणजे ती साक्ष बदलते का?

मुंबईतल्या मरोळमध्ये हा प्रश्न रोजच्या पोटापाण्याचा आहे. एका अंगाला विमानतळ, ज्याची राखण याच औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. दुसऱ्या अंगाला एमआयडीसी आणि सीप्झ. मध्ये पोलीस प्रशिक्षण केंद्र, आणि सहारच्या वाटेवर पंचतारांकित हॉटेलं. म्हणजे गणवेश, टापटीप आणि हसतमुख चेहरा यांवर पगार देणारे जवळपास सगळे धंदे दोन-तीन किलोमीटरच्या आत. मरोळ नाक्याला दोन मेट्रो मार्ग मिळतात. सकाळच्या गर्दीत डब्यातल्या वरच्या दांड्याला जे हात लोंबकळत असतात त्यांच्यावर या परिसराची वहीच उघडी असते: देवनागरीत ‘आई’, त्रिशूळ, महाराजांची राजमुद्रा, बाबासाहेबांची सही, छोटा क्रूस, कुणाचं तरी पुसून पुन्हा वर फूल काढलेलं नाव. विमान कंपन्यांच्या केबिन क्रूच्या जाहिरातींत मात्र गणवेशात दिसेल असा टॅटू नको, अशी अट ठरलेलीच. मग वैशाखातही लांब बाह्यांचे शर्ट येतात, मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ येतं, त्वचेच्या रंगाचं क्रीम थापलं जातं, आणि मुलाखत जवळ आली की लेझरवाल्याकडे फेऱ्या सुरू होतात. ज्या हातांना कुणाची नजर नको आहे ते काही गुन्हा लपवत नसतात. आपल्याविषयीचं एक वाक्य ते तेवढ्यापुरतं झाकून ठेवत असतात.

गोंदणाला महाराष्ट्र नवखा नाही. आरेच्या पाड्यांवरच्या आणि गावोगावच्या थोरल्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, पोटऱ्यांवर हिरवट पडलेले ठिपके अजून दिसतात. गोंदणारीण दारात यायची. दोन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, वाटीत काजळी कालवलेली. पोरीला मांडीशी आवळून धरायचं, तिचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून गोंदणारीण गाणं म्हणायची, आणि सुया भराभर टोचत तुळस, विंचू, चांदणी किंवा नुसती ठिपक्यांची ओळ उमटवायची. रक्त पुसून वर हळद. मोबदला म्हणजे सुपातलं धान्य, एखादं जुनेर. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं आणि सोबत येतं ते एवढंच लेणं, अशी त्यामागची समजूत. न गोंदलेल्या बाईला वरच्या दारात जाब द्यावा लागतो, असंही सांगितलं जाई. या सगळ्या सोहळ्यात एक गोष्ट सहसा कुणी विचारत नसे: पोरीला ते हवं होतं का? गोंदण तिच्या अंगावर असलं तरी मजकूर तिचा नव्हता. तो जातीचा होता, गावाचा होता, लग्नाच्या बाजारात तिची ओळख पटवणारा होता. आणि म्हणूनच कुणाला तो खटकला नाही. समाजानं माणसावर लिहिलेलं आपल्याला चालतं. माणसानं स्वतःवर स्वतःच्या मनानं लिहिलं की आपल्या भुवया वर जातात.

राज्यसत्तेनंही माणसांवर लिहिलेलं आहे. बंगाल इलाख्यात १७९७च्या कायद्यानुसार काही गुन्हेगारांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. ती शिक्षा १८४९मध्ये रद्द झाली. शब्दही आपलाच वापरला होता, गोदना. बायकांच्या दागिन्याचं नाव सरकारनं कैद्याच्या कपाळाला दिलं. मुंबईच्या पडद्यानं ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं लक्षात ठेवली: १९७५च्या ‘दीवार’मध्ये काही संतापलेली माणसं एका पोराच्या हातावर त्याचा बाप चोर असल्याचं गोंदून टाकतात, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या हाताच्या सावलीत जातं. पोरानं काहीच केलेलं नसतं. गोंदणाविषयीच्या आजच्या संशयाचं मूळ बरंचसं इथं आहे. शतकानुशतकं अंगावरची ठळक खूण हे दुसऱ्यानं दिलेलं प्रमाणपत्र होतं, सुवासिनीचं किंवा गुन्हेगाराचं. त्यामुळे खूण दिसली की ‘ही कुणी दिली?’ असं विचारायची नजरेला सवय लागली. आजच्या तरुणाच्या हातावरची खूण कुणीच दिलेली नसते, ती त्यानं घेतलेली असते. असल्या खुणेसाठी जुन्या हिशेबात रकानाच नाही. मग मुलाखत घेणारा माणूस अंदाजानं तो भरतो: उनाड, हट्टी, भरवशाचा नसलेला. आणि भरतीचा नियम दुसरा अंदाज बांधतो: धार्मिक असेल तर ठीक.

या दुसऱ्या अंदाजाशीच माझं भांडण आहे. तो उदार वाटतो, पण त्याचा अर्थ असा की वैद्यकीय तपासणीच्या खोलीत टेप घेऊन बसलेल्या डॉक्टरला आता पवित्र काय हेही ठरवावं लागेल. त्रिशूळ धार्मिक, हे सोपं. बाबासाहेबांची सही? ती ज्यानं गोंदवली त्याच्या घरात तिला जे स्थान आहे ते कुठल्याही देवतेहून कमी नाही, आणि तरी तिला धार्मिक म्हणणं खुद्द बाबासाहेबांच्या विचाराशी विसंगत ठरेल. राजमुद्रा? ‘आई’? मराठी मुलाच्या मनगटावर ‘आई’ हे नाव आहे, चिन्ह आहे की देवता आहे, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? शिवाय सवलतीचं हे माप सगळ्या धर्मांना सारखं बसत नाही. मरोळच्या मशिदींत नमाज पढणाऱ्या तरुणाला त्याचा काहीच उपयोग नाही, कारण बहुसंख्य मुस्लिम धर्मशास्त्रज्ञ गोंदण निषिद्ध मानतात. मरोळ गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. सीप्झच्या आवारात आज भग्नावस्थेत उभं असलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं देऊळ १५७९मधलं. साथीमुळे १८४०मध्ये तिथली वस्ती उठून मरोळला आली. त्या समाजाच्या धर्मग्रंथात, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात, अंगावर गोंदण्याला मनाई आहे. तोच ग्रंथ मानणारे इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती मात्र उजव्या मनगटावर क्रूस गोंदवतात, आणि ती त्यांच्या श्रद्धेची कसोटीला उतरलेली खूण आहे. एकच ग्रंथ, एकीकडे मनाई, दुसरीकडे निष्ठा. जिथं धर्मांचंच आपापसांत आणि आपल्या आत एकमत नाही, तिथं भरतीच्या कारकुनानं निवाडा करावा ही अपेक्षा त्या कारकुनावरही अन्याय करणारी आहे.

यावर पहिला आक्षेप गणवेशाचा येईल, आणि तो हलका नाही. गणवेशाचं तत्त्वच असं की तो चढवल्यावर माणूस मागे सरतो आणि पद पुढे येतं. विमानतळावर तपासणीला उभ्या असलेल्या शिपायाचा धर्म, जात, घर प्रवाशाला कळू नये यातच त्या प्रवाशाची सुरक्षितता आहे. आपली तपासणी अंमळ जास्त वेळ का चालली, अशी शंका मनात आलेल्या माणसाला समोरच्या हातावरचं चिन्ह दिसलं, तर त्याच्या शंकेला लगेच उत्तर सापडतं, मग ते खरं असो वा नसो. हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो नेमका धार्मिक सवलतीच्या विरोधात जातो. व्यक्ती मागे सरावी हा हेतू असेल तर सगळ्यात आधी झाकायला हवी ती धर्माची खूण, कारण समोरच्याला ‘आपला’ आणि ‘परका’ अशी वाटणी करायला तीच लावते. हातावरचं फुलपाखरू कुणाला परकं करत नाही. आजचा नियम फुलपाखरू अडवतो आणि धर्म आत सोडतो. त्यानं गणवेशाचाही मान राखला नाही आणि माणसाचाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेनं येतो: श्रद्धा ही हौसेसारखी नाही, तिला वेगळं वजन दिलंच पाहिजे. माध्व वैष्णव आषाढी एकादशीला तापलेल्या मुद्रा अंगावर घेतात, उजव्या दंडावर चक्र, डाव्यावर शंख. छत्तीसगडच्या रामनामी समाजानं, देवळाचं दार बंद झालं तेव्हा, रामाचं नाव स्वतःच्या कातडीवरच लिहून घेतलं; ज्याला गाभाऱ्यात येऊ दिलं नाही त्यानं अंगाचाच गाभारा केला. या खुणांना फॅशन म्हणणं उर्मटपणाचं होईल. संविधानानंही पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाला नाव घेऊन जागा दिली आहे. दुसऱ्या बाजूला, २०१६ साली हवाई दलातल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्यानं दाढी राखण्याचा हक्क मागितला तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं शिस्तीच्या नियमाला झुकतं माप दिलं. तेव्हा श्रद्धेचं वजन निरपवाद नाही, हे ठरलेलंच आहे. जिथं खूण हे धर्माचं कर्तव्यच आहे, किंवा आदिवासी मुलीसारखं ती कळत्या वयाआधीच अंगावर आली आहे, तिथं सवलत हवीच, आणि डाव्या-उजव्याची अट न घालता हवी, कारण तिथं माणसाला निवडच नव्हती. पण बाकीच्यांसाठी हेही आठवायला हवं की पंचविसाव्या अनुच्छेदाची सुरुवात धर्मापासून होत नाही, सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यापासून होते. गेलेल्या बापाच्या अक्षरातलं नाव जो मनगटावर वागवतो, त्याच्या आत जे आहे ते देव गोंदवणाऱ्याच्या भावनेहून उणं आहे, हे सांगणारा तराजू सरकारकडे नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात व्यवहारी, आणि मरोळच्या हॉटेलांत व विमान कंपन्यांत तोच चालतो: आमचं काही म्हणणं नाही हो, पण गिऱ्हाईक बिचकतं. हा युक्तिवाद अडीच हजार वर्षांच्या परंपरेतला आहे. बौद्धांच्या विनयपिटकातल्या महावग्गात प्रव्रज्येचे, आजच्या भाषेत भरतीचेच, नियम आहेत. त्यात शिक्षा म्हणून ज्याच्या अंगावर डाग दिले आहेत त्याला संघात घेऊ नये, असा एक नियम येतो. त्याच ठिकाणी त्याच्या थोडं आधी अंगुलिमालाचा प्रसंग आहे. हा दरोडेखोर भिक्षू झाला. लोक त्याला पाहून घाबरले, वाट सोडून पळाले, दारं लावून घेऊ लागले, आणि कुरकुर झाली की असल्याला संघात घेतलंच कसं. त्यावर बुद्धानं नियम केला की यापुढे नामचीन दरोडेखोराला दीक्षा देऊ नये. म्हणजे लोकांच्या भीतीची दखल बुद्धानंही घेतली. भिक्षेवर चालणाऱ्या संघाला गावाची दारं उघडी हवीच होती. पण गोष्टीचा उरलेला भाग विसरून चालणार नाही. अंगुलिमालाला संघाबाहेर काढलं नाही. लोकांनी दगड मारले तेव्हा त्यानं ते सोसले, आणि परंपरा सांगते की तो अर्हत झाला. यातून दोन गोष्टी वेगळ्या होतात. लोकांची भीती ही संस्थेची अडचण असू शकते, तिच्यासाठी संस्था तात्पुरता नियमही करू शकते. पण ती भीती त्या माणसाविषयीचं सत्य होत नाही. आजच्या मालकांची चूक इथं होते: गिऱ्हाईक बिचकतं, यावरून ते माणसाचं चारित्र्य ठरवून मोकळे होतात. आणि गिऱ्हाइकाची नजरही काही दगडावर कोरलेली नसते. एअर न्यूझीलंडनं सप्टेंबर २०१९पासून कर्मचाऱ्यांना गणवेशातही टॅटू दिसू देण्याची मुभा दिली, माओरींच्या पारंपरिक गोंदणासह, आणि माओरींचीच तेवढी सूट ठेवली नाही. व्हर्जिन अटलांटिकनं २०२२मध्ये तसाच निर्णय घेतला. नजरेला सवय लागते. आजी-पणजीच्या कपाळावरच्या हिरव्या ठिपक्याची आपल्याला लागली होती तशी.

उरतो तो शेवटचा आक्षेप: जात जन्मानं येते, टॅटू मर्जीनं. मर्जीनं केलेल्या गोष्टीची किंमतही मर्जीनंच मोजावी. यात तथ्य आहे, आणि टॅटूप्रेमींच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही ते नाकारू नये. पण किंमत आणि अर्थ यांत फरक आहे. एकोणिसाव्या वर्षी घेतलेली खूण एकोणिसाव्या वर्षाची साक्ष असते. तिशीतल्या माणसाला तिच्यावरून जोखणारा मालक आणि ‘हा टॅटू म्हणजेच मी’ म्हणून छाती पुढे काढणारा तरुण, दोघं एकाच भ्रमात आहेत. दोघांनाही वाटतं की माणूस कातडीवर मावतो. गीता तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हणते, शेत म्हणते, आणि त्या शेताला जाणणारा वेगळा सांगते. शेतात कुणी काय पेरलं यावरून शेताची हकिकत कळते. जाणणारा त्यातून हाती लागत नाही. वारकरी संतांनी बाह्य खुणांच्या भरवशावर राहणाऱ्यांना जे फटकारलं तेही याचसाठी. त्यांनी माळ तोडून फेकायला सांगितलं नाही, माळेवरून माणूस ओळखू नका एवढंच सांगितलं. ज्या परंपरेनं टिळ्याला साक्षीदार मानायला नकार दिला, तिच्या मुलुखात टॅटूला फिर्यादी करून उभं करणं शोभत नाही. आणि हाच न्याय गोंदवणाऱ्यालाही लागू आहे: अंगावर देव आहे म्हणून कुणी भला ठरत नाही, तेव्हा त्यानंही त्या बळावर सवलत मागू नये.

मग नियम असावा की नसावा? असावा, पण त्याचा प्रश्न बदलावा. ‘ही खूण पवित्र आहे का?’ असं न विचारता ‘ही खूण समोरच्याला काय सांगते?’ असं विचारावं. एखाद्या जमातीला हिणवणारं, कुणाच्या रक्ताची भाषा बोलणारं, बाईला खाली पाहायला लावणारं चित्र हातावर असेल तर त्या हातात बंदूक, इंजेक्शन किंवा जेवणाचं ताट देऊ नये, मग त्या चित्रावर देवाचं नाव लिहिलेलं का असेना. ज्या कामात माणसानं अनोळखी राहणं हेच काम आहे, तिथं सगळ्याच खुणा सरसकट झाकाव्यात, त्रिशूळही आणि फुलपाखरूही, आणि त्यासाठी पूर्ण बाहीचा गणवेश पुरतो. माणसाला घरी पाठवावं लागत नाही. बाकी ठिकाणी नियमानं गप्प बसावं. हे सोपं नाही, कारण कुणाला काय दुखावतं हे ठरवतानाही वाद होतील. पण तो वाद निदान माणसामाणसांतल्या वागणुकीचा असेल, आणि तो सोडवायचा अधिकार सरकारला आहे. देवाची जागा ठरवायचा अधिकार त्याला नाही. सलामीसाठी उचललेला उजवा हात सरळ आहे का, कोपर ठीक आहे का, एवढं पाहून कवायतीचा उस्ताद पुढच्या जवानाकडे वळतो. भरतीच्या खोलीतल्या टेपनंही त्याहून जास्त मोजायला जाऊ नये.